मुलूख मैदान तोफ : लिलाव आणि बचाव

मुलूख मैदान : विजापूर (आता विजयपूर, कर्नाटक) येथील शेर्झी बुरुजावरील इतिहासप्रसिद्ध तोफ. मध्ययुगीन दख्खनमध्ये ओतल्या गेलेल्या काशाच्या तोफांत तिचे स्थान अग्रगण्य आहे. निजामशाहीत अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे घडलेली, परांड्याच्या किल्ल्यात राहिलेली आणि आदिलशाहीत विजापुरी आलेली ही तोफ दख्खनच्या दोन राज्यांच्या उदयास्ताची साक्षीदार होय. तिच्या इतिहासातील कमी परिचित, परंतु तितकाच महत्त्वाचा प्रसंग एकोणिसाव्या शतकातील आहे. इ. स. १८५४ मध्ये सरकारी जडसंग्रहातील निरुपयोगी वस्तू म्हणून तिचा जाहीर लिलाव पुकारण्यात आला आणि तीवर सर्वाधिक बोली आली ती दीडशे रुपयांची. ही विक्री पुरी झाली असती, तर तोफेचे तुकडे होऊन ती भट्टीत गेली असती. तसे घडले नाही. प्राचीन वास्तू व वस्तू यांच्या संरक्षणाचा कायदा देशात होण्यापूर्वी पन्नास वर्षे हे घडले, म्हणून तो बचाव कशामुळे झाला हे पाहणे उद्बोधक ठरते.

घडण व स्वरूप : तोफेवरील लेखानुसार ती हिजरी सन ९५६ मध्ये, म्हणजे इ. स. १५४९ मध्ये तयार झाली. त्या वेळी अहमदनगरच्या गादीवर पहिला बुऱ्हाण निजामशाह होता. लेखात निजामशाहाचा उल्लेख पैगंबरांच्या घराण्याचा सेवक असा आहे. दुसऱ्या लेखात तोफ ओतणाऱ्या कारागिराचे नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी असे दिले आहे. ‘रूमी’ या उपनामावरून तो तुर्की मुलखातील असावा असे दिसते. तोफा ओतण्याच्या विद्येत त्या काळी तुर्कांचा लौकिक मोठा होता आणि दख्खनच्या सुलतानांनी अशा तज्ज्ञांना आवर्जून आश्रय दिला होता.

तोफेची लांबी १४ फूट ४ इंच (सु. ४.३७ मी.), व्यास सु. ४ फूट ११ इंच (सु. १.५० मी.) आणि तोंडाचे छिद्र २ फूट ४ इंच (सु. ०.७१ मी.) आहे. वजन सु. ५५ टन मानले जाते. या छिद्रात बसेल असा भरीव लोखंडी गोळा सु. १,२०० किग्रॅ. भरेल. लांबीच्या मानाने तोफ अतिशय रुंद असल्यामुळे ती नळीपेक्षा एखाद्या अवाढव्य उखळासारखी दिसते. तोंडाला जबडा पसरलेल्या हिंस्र पशूचा आकार दिला असून त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात असल्याचे कोरले आहे. काळपट हिरव्या रंगाचा तिचा पृष्ठभाग छिन्नीने तासून व घासून इतका गुळगुळीत केला आहे की, पाच शतके ऊनपाऊस सोसूनही त्याची झिलई फारशी उणावलेली नाही.

धातूच्या पृथक्करणात तांब्याचे प्रमाण ८०.४२७ टक्के व कथिलाचे १९.५७३ टक्के आढळले. तोफांच्या काशात कथिल सामान्यतः दहा टक्क्यांच्या आसपास असते. वीस टक्के कथिलाचे मिश्रण हे घंटेच्या धातूचे मिश्रण होय. त्यामुळेच या तोफेवर आघात केला असता ती घंटेप्रमाणे घुमते. दख्खनमध्ये कथिल सापडत नाही. ते समुद्रमार्गे बाहेरून आणावे लागे. पन्नासहून अधिक टन धातू एका वेळी वितळवून एकसंध ओतकाम करण्यास भट्ट्यांची, माणसांची व द्रव्याची किती जुळवाजुळव करावी लागली असेल, याची कल्पना यावरून येते. १८५४ च्या लिलावात जी वस्तू दीडशे रुपयांना जाऊ घातली होती, ती मुळात एका राज्याच्या संपत्तीचे व कारागिरीचे दृश्य रूप होती.

मूळ फार्सी नाव ‘मलिक-इ-मैदान’ म्हणजे ‘रणभूमीचा स्वामी’ असे आहे. मराठी उच्चारात ‘मलिक’चे ‘मुलूख’ झाले आणि ‘मुलूख मैदान’ हेच नाव रूढ झाले. मुलूख या शब्दाने तोफेचा मारा साऱ्या मुलखावर पोहोचतो, असा नवा अर्थही लोकांच्या मनात त्या नावाला चिकटला.

अहमदनगर ते विजापूर : २३ जानेवारी १५६५ रोजी राक्षस-तागडीच्या (तालिकोटच्या) लढाईत दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरचा पराभव केला. निजामशाही तोफखान्याने शत्रू अगदी जवळ येताच तोफांतून तांब्याची नाणी भरून मारा केला, असे फिरिश्ता सांगतो. त्या तोफांमध्ये मुलूख मैदान होती, असे परंपरा मानते. वऱ्हाडची इमादशाही या मोहिमेत सहभागी नव्हती. पुढे १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाडच जिंकून घेतले. त्यामुळे गाविलगड, नरनाळा हे वऱ्हाडचे गड आणि ही तोफ काही काळ एकाच सत्तेखाली होती.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहाला परांडा येथे गादीवर बसविले. परांडा (धाराशिव जिल्हा) हा भुईकोट निजामशाहीच्या पडत्या काळातील मोठा आधार होता. मुलूख मैदान या काळात याच किल्ल्यात होती. निजामशाही मोडकळीस आल्यावर आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने १६३२ मध्ये ती विजापुरी नेली. पुण्याची कसबा जाळून तेथे गाढवाचा नांगर फिरविल्याबद्दल आणि भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला केल्याबद्दल मराठी इतिहासात ओळखला जाणारा मुरार जगदेव तो हाच. परांडा ते विजापूर हे अंतर दीडशे किमी.हून अधिक असून मार्गात सीना व भीमा या नद्या लागतात. तोफ ओढण्यास दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, असे परंपरेने सांगितले जाते. तिच्या जोडीची ‘कडक बिजली’ नावाची तोफ वाटेत नदीत बुडाली, अशीही आख्यायिका आहे. वजनामुळे तोफ हलविणे किती दुष्कर होते, हे या कथांतून स्पष्ट होते. पुढे हेच वजन तिच्या उपयोगी पडले.

विजापूरच्या पश्चिम तटावर, मक्का दरवाजा व शहापूर दरवाजा यांच्या दरम्यान असलेल्या शेर्झी बुरुजावर ती बसविण्यात आली. बुरुजावरील सिंहाकृतींमुळे त्यास हे नाव मिळाले. १२ सप्टेंबर १६८६ रोजी विजापूर औरंगजेबाच्या हाती आले. त्याने आपल्या विजयाचा तिसरा लेख या तोफेवर कोरविला. मलिक-इ-मैदान हस्तगत केल्याचा अभिमानाने केलेला उल्लेख त्यात आहे. राजधानी जिंकल्याची नोंद तोफेवर व्हावी, यावरून तिला किती प्रतिष्ठा होती ते दिसून येते.

निरुपयोगी ठरलेली तोफ : आदिलशाही बुडाल्यावर विजापूरचे वैभव ओसरले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर झालेल्या तहाने हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले आणि पेशवाईच्या अस्तानंतर ते सातारच्या छत्रपतींच्या राज्यात समाविष्ट झाले. या दीडशे वर्षांत महालांची छपरे गेली, इमारती लाकूड नेले गेले, दगड इतरत्र वापरले गेले. युद्धतंत्रही बदलले. चाकांवरून चपळाईने हलणाऱ्या हलक्या तोफांच्या युगात एका जागी खिळलेली पंचावन्न टनांची तोफ निव्वळ शोभेची ठरली.

तथापि लोकांच्या लेखी ती निर्जीव वस्तू नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विजापूर पाहणाऱ्या युरोपीय प्रवाशांनी व अधिकाऱ्यांनी या तोफेची पूजा होत असल्याचे नमूद केले आहे. हिंदू रहिवासी तिला तेल-शेंदूर लावीत, फुले वाहत. मुसलमान रहिवाशांना ती आपल्या गतकालीन सुलतानांची खूण म्हणून प्रिय होती. सातारच्या महाराजांच्या भेटीच्या वेळी ती एकदा डागण्यात आली. तेव्हा आवाजाच्या भीतीने पुष्कळ लोक शहर सोडून बाहेर गेले, असे सांगितले जाते. मारा करण्यापूर्वी गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या टाक्यात डोके बुडवीत, ही आख्यायिकाही आवाजाच्या याच धास्तीतून निर्माण झाली असावी. तोफेविषयीची ही भीती आणि हा आदर पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

विलायतेला नेण्याचा विचार : तोफेवर पहिले संकट आले ते कौतुकाच्या रूपाने. १८२३ च्या सुमारास ती इंग्लंडच्या राजाला नजर म्हणून पाठवावी, असा विचार मुंबई सरकारने केला आणि ती हलविता येईल किंवा कसे याची चौकशी करविली. विजापूर ते समुद्रकिनारा या मार्गात त्या वेळी एवढे ओझे वाहून नेण्याजोगा रस्ता नव्हता. घाट उतरवून तोफ बंदरापर्यंत नेणे अशक्यप्राय दिसल्यामुळे हा विचार सोडून द्यावा लागला.

अशी नजर स्वीकारण्याची प्रथा त्या काळी सर्वत्र होती. तुर्की सुलतान अब्दुल अझीझ याने १८६६ मध्ये दार्दानेल्सची प्रचंड काशाची तोफ व्हिक्टोरिया राणीला भेट दिली. १४६४ मध्ये ओतलेली ती तोफ तेव्हापासून इंग्लंडमध्येच आहे. जलमार्ग हाताशी असल्यामुळे ती जाऊ शकली. विजापूरला नदीमार्गही नव्हता आणि पक्का रस्ताही नव्हता. मुलूख मैदानचा पहिला बचाव असा केवळ भूगोलाने केला.

जलमार्ग जवळ असूनही काय होऊ शकते, याचे उदाहरण आग्र्याच्या ‘धूलधाणी’ या प्रचंड तोफेचे आहे. ती यमुनाकाठी होती. १८०३ मध्ये आग्रा जिंकल्यावर लॉर्ड लेकने ती कलकत्त्यास नेण्याचा प्रयत्न केला, परंतु ती वाहून नेणारा तराफा नदीत बुडाला. अखेर १८३३ मध्ये इंग्रज सरकारने सुरुंगाने ती तोफ फोडली आणि धातू विकून टाकला. इतिहासकालीन तोफ म्हणजे विक्रीयोग्य धातूचा साठा, ही दृष्टी त्या काळी सरकारी कारभारात किती सहज होती, ते या घटनेवरून दिसते. मुलूख मैदानवरील दुसरे संकट याच दृष्टीतून आले.

१८५४ चा लिलाव : छत्रपती शहाजी यांच्या निधनानंतर १८४८ मध्ये कंपनी सरकारने सातारचे राज्य खालसा केले. विजापूर त्याबरोबर इंग्रजी अमलाखाली येऊन सातारच्या कमिशनरकडे सोपविले गेले. नव्या राजवटीने जुन्या राज्याच्या मालमत्तेची मोजदाद सुरू केली. तोफा, गोळे, मोडके गाडे, लोखंडी सामान अशा अनेक वस्तू या मोजदादीत ‘जडसंग्रह’ या सदरात जमा झाल्या. या सदरात पडलेली वस्तू हिशेबाच्या दृष्टीने सारखीच. तिचे वय, कारागिरी वा कीर्ती यांना तेथे रकाना नसतो. १८५४ मध्ये सातारच्या कमिशनरांनी विजापूर येथील असा सर्व निरुपयोगी संग्रह विकून टाकण्याचा हुकूम दिला.

हुकमाप्रमाणे इतर सामानाबरोबर मुलूख मैदान लिलावात पुकारली गेली. सर्वाधिक बोली दीडशे रुपयांची झाली. पंचावन्न टनांच्या हिशेबाने ही किंमत टनाला तीन रुपयांहून कमी पडते. तांबे व कथिल यांचा बाजारभाव याच्या कितीतरी पट होता. बोली इतकी अल्प येण्याचे कारण उघड आहे. खरेदीदाराला तोफ उचलून नेता येणे शक्य नव्हते. तिला जागेवरच तापवून, घणाचे घाव घालून वा सुरुंग लावून फोडावे लागले असते आणि तुकडे बैलगाड्यांतून दूरच्या बाजारपेठेत न्यावे लागले असते. बोली लावणाऱ्याने धातूच्या किमतीतून हा खर्च वजा केला असावा.

येथवर सर्व कारभार रिवाजाप्रमाणे झाला होता. यापुढचे पाऊल मात्र रिवाजाबाहेरचे होते. लिलावाची अंमलबजावणी करणाऱ्या विजापूरच्या मामलेदाराला ही बोली कायम करणे योग्य वाटले नाही. मामलेदार हा महसूल खात्याचा तालुक्यावरील देशी अधिकारी. वरिष्ठांचा हुकूम अमलात आणणे हे त्याचे काम. हुकमाच्या योग्यायोग्यतेचा विचार करण्याचा अधिकार त्यास नव्हता. त्याने आपल्या वरच्या असिस्टंट कमिशनरकडे दोन गोष्टी कळविल्या. एक, अशा वस्तूसाठी ही रक्कम अगदीच क्षुल्लक आहे. आणि दोन, या तोफेविषयी लोकांच्या मनात मोठा पूज्यभाव आहे. हे म्हणणे मान्य होऊन विक्री रद्द करण्यात आली आणि तोफ बुरुजावर जागच्या जागी राहिली.

या निवेदनाची मांडणी विचारात घेण्याजोगी आहे. पहिला मुद्दा हिशेबाचा आहे. सरकारी तिजोरीचे नुकसान होते, हे सांगणे मामलेदाराच्या अधिकारात बसत होते. दुसरा मुद्दा लोकभावनेचा आहे. तो एकटा मांडला असता तर त्यास कितपत किंमत मिळाली असती, हे सांगणे कठीण. दोन्ही मुद्दे एकत्र आल्यामुळे वरिष्ठांना आपला हुकूम मागे घेण्यास सोयीचे कारण मिळाले. दीडशे रुपयांच्या जमेसाठी एका शहराची नाराजी ओढवून घेणे शहाणपणाचे नव्हते, हेही नव्याने अमल बसविणाऱ्या सरकारला कळण्यासारखे होते.

बचावाची कारणे : मुलूख मैदान वाचली ती एकाच कारणाने नव्हे. तिच्या वजनामुळे व दुर्गम मार्गामुळे १८२३ मध्ये ती परदेशी गेली नाही. त्याच वजनामुळे १८५४ मध्ये बोली कमी आली आणि बोली कमी आल्यामुळे विक्रीवर आक्षेप घेण्यास आधार सापडला. परंतु आग्र्याची तोफही अवजड होती आणि ती फोडली गेली. दोहोंतील भेद स्थानिक अधिकाऱ्याच्या निवेदनात आहे. तोफेला लोक मानतात, ही गोष्ट सरकारी कागदावर येऊन ती हुकूम फिरविण्याचे कारण ठरली, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

हा पूज्यभाव तोफेच्या राजकीय इतिहासाहून स्वतंत्र होता, हेही लक्षात घ्यावयास हवे. ती ओतविली शिया पंथ स्वीकारलेल्या निजामशाहाने, घडविली तुर्की नावाच्या कारागिराने, विजापुरी आणली मुरार जगदेव या हिंदू सरदाराने आणि तिच्यावर शेवटचा विजयलेख कोरविला औरंगजेबाने. ज्यांनी तिची पूजा केली त्या सामान्य लोकांचा या चौघांपैकी कोणाच्याही विजयाशी संबंध नव्हता. अजस्र आकार, पशूचे जबड्यासारखे तोंड व घुमणारा नाद यांमुळे त्यांनी तिला शक्तीचे रूप मानले. वस्तू ज्यांनी घडविली त्यांच्या सत्ता गेल्या, तरी ज्यांच्यामध्ये ती राहिली त्यांनी तिला आपली मानले आणि त्या आपलेपणाने ती राखली.

संरक्षणाची वाटचाल : १८५४ च्या घटनेला सरकारच्या सुसंगत धोरणाचा आधार नव्हता. त्याच सुमारास दुसरीकडे विजापूरच्या वास्तूंविषयी आस्था निर्माण होत होती. सातारचे कमिशनर राहिलेले बार्टल फ्रिअर यांनी या शहराच्या अवशेषांकडे लक्ष वेधले होते. तेथील इमारतींची मोजमापे व आरेखने तयार होऊन जेम्स फर्ग्युसन यांच्या संपादनाखाली १८५९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १८६६ मध्ये मेडोज टेलर व फर्ग्युसन यांचा विजापूरच्या वास्तुकलेवरील ग्रंथ निघाला. एक खाते जडसंग्रह विकण्याचे हुकूम काढीत आहे आणि त्याच राजवटीचे दुसरे अधिकारी त्या शहराची चित्रे काढवीत आहेत, असे हे परस्परविरोधी चित्र होते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापना १८६१ मध्ये आणि पश्चिम भारतातील पाहणीस आरंभ १८७४ मध्ये झाला. १८८५ मध्ये जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापुरास आले. जुन्या इमारतींत कचेऱ्या व निवासस्थाने थाटली गेली. यामुळे काही वास्तूंची डागडुजी झाली, तर काहींचे मूळ स्वरूप बिघडले. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी १९०० मध्ये विजापूरला भेट दिली. मशिदींचा डाकबंगला व टपालकचेरी यांसारखा वापर बंद करून त्या मोकळ्या कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १९०४ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा संमत झाला. हेन्री कझिन्स यांचा विजापूर व तेथील वास्त्ववशेष यांवरील विस्तृत ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या तोफेचे वर्णन व तिच्या लिलावाची हकिगत आली आहे. स्वातंत्र्योत्तर काळात १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना संरक्षण मिळाले. तोफ आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहे.

वऱ्हाड व अन्य प्रदेशांतील तोफा : मुलूख मैदानचा बचाव अपवादात्मक का होता, हे इतर तोफांच्या भवितव्यावरून कळते. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर महाराष्ट्रातील अनेक डोंगरी किल्ले पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांचे दरवाजे, तट व वाटेच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविण्यात आल्या. तोफांचे कान तोडण्यात आले, काही दरीत ढकलण्यात आल्या. काशाच्या तोफांना धातूची किंमत येत असल्यामुळे त्या भट्टीत जाण्याचा संभव अधिक होता. लोखंडी तोफांची मोड तेवढी किफायतशीर नसल्यामुळे त्या पुष्कळ ठिकाणी गंजत पडून राहिल्या. विजापुरातच उपरी बुरुजावर असलेली, लोखंडी पट्ट्या व कडी जोडून केलेली ३० फुटांहून अधिक लांबीची लमछडी तोफ याचे उदाहरण होय.

वऱ्हाड त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथील किल्ले १८१८ च्या मोडतोडीतून सुटले. १८०३ मध्ये अडगाव येथे भोसल्यांचा पराभव झाल्यावर १५ डिसेंबर रोजी वेलस्लीच्या सैन्याने गाविलगड सर केला. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहात गाविलगड व नरनाळा भोसल्यांकडेच राहिले आणि पुढे ते निजामाकडे गेले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८५८ च्या सुमारास, तात्या टोपे नर्मदा उतरून सातपुड्याच्या रोखाने येत असता, गाविलगड बंडवाल्यांना आसरा होऊ नये म्हणून त्याची तटबंदी निकामी करण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. तरीही चिखलदऱ्याजवळच्या या गडावर जुन्या तोफा पडून आहेत.

अकोला जिल्ह्यातील नरनाळा गडावर ‘नवगज’ नावाची तोफ आहे. लांबी नऊ गज असल्याच्या समजुतीवरून तिला हे नाव मिळाले. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क याने १४८७ मध्ये बांधविलेला, कमळे व अरबी-फार्सी लेख कोरलेला महाकाली दरवाजा याच गडावर आहे. सातपुड्याच्या माथ्यावरून अशी तोफ उतरविणे कोणत्याही खरेदीदाराला परवडले नसते, हे उघड आहे. दुर्गमतेने नवगज तोफ राखली. विजापूरची तोफ मात्र सपाटीवर, भर शहरात होती. तेथे केवळ दुर्गमतेवर भागण्यासारखे नव्हते.

भाषेतील वास्तव्य : प्रत्यक्ष तोफ महाराष्ट्राबाहेर असली, तरी तिचे नाव मराठीत घर करून आहे. निर्भीड व घणाघाती वक्त्यास ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणण्याचा प्रघात वृत्तपत्रांनी व राजकीय सभांनी रूढ केला. विजापूर न पाहिलेला, निजामशाहीचे नाव न ऐकलेला मराठी माणूसही हा शब्दप्रयोग सहज करतो. पूजेतून आलेला पूज्यभाव ओसरला, तरी नावाचा दरारा भाषेत उरला.

ऐतिहासिक वस्तूंचे रक्षण हे राजांचे, विद्वानांचे किंवा कायद्याचे काम समजले जाते. मुलूख मैदानच्या बाबतीत राजांनी तिचा उपयोग केला, विद्वानांनी तिची मोजमापे घेतली आणि कायदा फार उशिरा आला. ज्या दिवशी तिचे भवितव्य ठरत होते, त्या दिवशी उपयोगी पडला तो तालुक्याच्या कचेरीतील एका अधिकाऱ्याचा विवेक. त्याने हुकमाचा शब्द मोडला नाही. बोली वर पाठवताना त्याने फक्त हिशेबाच्या वहीत न मावणारी एक गोष्ट नमूद केली. शेर्झी बुरुजावरील तोफ ही त्या नोंदीची फलश्रुती होय.